एकदा खात्री करून द्या

केसपेपरवर बहुतेक वेळा तीनच तक्रारी असतात. झोप नाही, जेवण जात नाही, डोकं जड. शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय असो की मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं आमचं पथक ठरलेल्या वारी तिथे जाऊन बसतं. डॉक्टरांनी ‘जरा बोलून घ्या’ असं म्हणून पाठवलेली माणसं तो कागद घेऊन माझ्यासमोर येतात. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. त्या तीन तक्रारींमागे दारू असते, कर्ज असतं, नवऱ्याचा मार असतो, कानात येणारे आवाज असतात, बारावीचा निकाल असतो. आणि अधूनमधून असा एखादा प्रश्न असतो की तो विचारण्याआधी माणूस दार लावून घ्यायला सांगतो, दार लावल्यावरही बोलत नाही, आणि शेवटी मोबाइल पुढे करतो.

मोबाइलवर त्याने गूगलला विचारलेले प्रश्न असतात. ‘मी गे आहे का’. ‘गे असल्याची लक्षणे मराठी’. ‘गे टेस्ट’. ‘मुलाकडे बघितल्यावर छातीत धडधड का होते’. ‘लग्नानंतर माणूस गे होतो का’. रात्री दोनला, सव्वादोनला, अडीचला. प्रश्न तोच, शब्द थोडे इकडेतिकडे.

ज्या मुलाबद्दल मला आधी सांगायचं आहे तो मुरबाड तालुक्यातला, टोकावड्याच्या बाजूचा. (ओळख पटू नये म्हणून इथल्या सगळ्यांचीच गावं, वयं आणि नाती मी बदलली आहेत, काही तपशील एकमेकांत मिसळले आहेत.) आयटीआय केलेला, मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला लागलेला. गावच्या कबड्डी संघात डाव्या कोपऱ्यावर खेळायचा, पकड चांगली होती. आमच्या भागात कबड्डीपटू म्हणजे गावाची इभ्रत. एका संध्याकाळी सरावात चढाईला आलेल्या मित्राची मांडी त्याने धरली, आणि धरताधरता मनात आलं, ‘मला हे आवडलं का?’

एवढंच घडलं होतं. बाकीचं सगळं त्यानंतर त्याने स्वतः घडवलं, आणि ते करताना त्याला वाटत होतं की आपण यातून सुटायचा प्रयत्न करतोय. घरी जाऊन त्याने तो क्षण पुन्हा आठवला. नक्की काय वाटलं होतं? हात किती वेळ होता? आठवताना अंगात काहीतरी जाणवलं, म्हणून आणखी घाबरला. मग मुलींचे फोटो बघून जाणवतंय का ते तपासलं. मग मुलांचे. मग दोन्हींत जास्त कुठे जाणवलं याचा हिशेब. अंगाच्या कुठल्याही भागाकडे टक लावून लक्ष दिलं की तिथे काहीतरी जाणवतंच, भीतीनेही जाणवतं. पण हे त्याला कोण सांगणार? दोन महिन्यांत त्याने कबड्डी सोडली. काळू नदीच्या डोहात पोहायला जाणं सोडलं. पौष पौर्णिमेला सुरू होणारी म्हशाची जत्रा त्याने लहानपणापासून कधी चुकवली नव्हती. त्या वर्षी गर्दीत पुरुषांचे खांदे लागतील म्हणून घरी बसला. घरच्यांना सांगितलं, ताप आहे.

नको ते विचार मनात येण्यात विशेष काही नाही. रॅकमन आणि डी सिल्वा या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली कुठलाही मानसिक आजार नसलेल्या माणसांना विचारलं होतं की तुमच्या मनात असे नकोसे, अचानक घुसणारे विचार येतात का. दहातल्या साधारण आठांनी हो म्हटलं. रुग्णांचे विचार आणि या माणसांचे विचार मजकुराने फारसे वेगळे नव्हते. कडेवरचं बाळ खाली टाकलं तर, देवळात तोंडातून शिवी निघाली तर, चालत्या गाडीतून उडी मारली तर. हे कुणाच्याही मनात येतं आणि निघून जातं. ज्याला ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, आहे त्याच्या मनातून ते जात नाही, कारण तो त्याला जाऊ देत नाही. हा विचार माझ्याच मनात का आला, याचा अर्थ काय, याची खात्री झाल्याशिवाय त्याला पुढचं पाऊल टाकता येत नाही. हात धुणारी माणसं, कुलूप तपासणारी माणसं सगळ्यांना माहीत आहेत. मंत्रचळ म्हटलं की डोळ्यांसमोर तीच येतात. या मुलाचं धुणं आणि तपासणं मनात चाललेलं असतं. शेजारी झोपलेल्या भावालाही ते दिसत नाही.

शहापूर तालुक्यातला दुसरा एकजण आसनगावहून लोकलने ठाण्याला कामाला जायचा. सकाळच्या गाडीत माणूस माणसाला चिकटलेला असतो, तिथे अंग चोरायला जागा कुठली? तो पाठीवरची बॅग पुढे घ्यायचा, दोन्ही हात बॅगेवर ठेवायचा, आणि कल्याण येईपर्यंत डोळे मिटून मनात आपल्या बायकोचं नाव घेत राहायचा. जप मोडला, मध्येच कुणाच्या आफ्टरशेव्हचा वास आला, तर पुन्हा पहिल्यापासून. कधीकधी एका स्टेशनावर उतरून तो पुढच्या गाडीची वाट बघायचा, कारण मागच्या डब्यातला जप ‘खराब’ झालेला असायचा. कामावर उशीर होऊ लागला. शेवटी त्याने पाठदुखीचं कारण सांगून नोकरी सोडली आणि गावाजवळच्या हॉटेलात निम्म्या पगारावर लागला. पाठीच्या एक्स-रेवर घरच्यांनी पैसे खर्च केले. एक्स-रेत काही नव्हतं.

अशा माणसाशी बोलताना मी मागचं विचारते. आजचा प्रश्न बाजूला ठेवून लहानपणी काय होतं ते. कबड्डीच्या मुलाने जरा विचार करून सांगितलं, ‘सातवीत असताना देवळासमोरून जाताना मनात देवाबद्दल घाण यायचं. मग परत मागे जाऊन पाया पडायचो. कधी पाच-पाच वेळा.’ त्याच्या आईला ते आठवत होतं. तिला वाटायचं, पोरगं फार देवभोळं आहे. नववीत त्याला कावीळ झालेल्या मित्राचं पाणी प्यायल्याची भीती होती. म्हणजे आजार जुना होता. देव, रोग आणि आता हे. वयाच्या ज्या टप्प्यावर जी गोष्ट सगळ्यांत पवित्र किंवा सगळ्यांत लाजिरवाणी असते, तिला जाऊन हा आजार चिकटतो. मिसरूड फुटलेल्या, लग्नाचं वय जवळ आलेल्या, चारचौघांत ‘बायल्या’ म्हटलं की जीव जावासा वाटणाऱ्या मुलाला तो दुसरीकडे कुठे धरणार?

हे फक्त मुलांचं आहे असंही नाही. डोळखांबच्या पुढच्या पाड्यावरची एक बाई आली होती. दोन लेकरांची आई. तिच्याकडे ‘लेस्बियन’ हा शब्द नव्हता, तिला त्याची गरजही नव्हती. नणंदेच्या केसांना तेल लावताना मनात काहीतरी आलं, तेव्हापासून ती नणंदेजवळ बसत नव्हती, बचत गटाच्या बैठकीला जात नव्हती, आणि रात्री नवऱ्याला उठवून विचारायची, ‘मी चांगली आहे ना?’ नवरा बिचारा दर वेळी म्हणायचा, ‘हो, चांगली आहेस.’ तो दगडखाणीवर कामाला होता, पहाटे उठायचा. तिच्याबरोबर त्याचीही झोप गेली होती. तिला आधी बाळंतपणात कोयत्याची भीती होती. घरातला कोयता तिने स्वतःच्या हाताने शेजारणीकडे ठेवायला दिला होता. आशाताईंनी ही गोष्ट लक्षात ठेवली होती म्हणून ती आमच्यापर्यंत पोचली.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झालं. त्यानुसार प्रौढांमध्ये ओसीडीचं प्रमाण शंभरात जवळपास ०.८. शहापूर-मुरबाडच्या लोकसंख्येला हा आकडा लावला तर दोन तालुक्यांत मिळून काही हजार माणसं होतात. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ओसीडीच्या चारशेहून अधिक रुग्णांपैकी शंभरात आठजणांना त्या वेळी लैंगिक कलाविषयीच्या शंका छळत होत्या. आमच्याकडचा असा आकडा कुणी मोजलेला नाही, पण मोबाइल पुढे करणारे हात माझ्या ओळखीचे झाले आहेत.

ओपीडीत पोचेपर्यंत बहुतेकांना दोन उत्तरं मिळून चुकलेली असतात. पहिलं उत्तर, ‘छे रे, तू तसा नाहीस, लग्न कर, सगळं ठीक होईल.’ हे मित्र देतो, काका देतो, खासगी दवाखान्यातले डॉक्टरही देतात. भगताने अंगारा लावून, नारळ फोडून हेच सांगितलेलं असतं: बाहेरचं होतं, काढलं, आता काही नाही. दुसरं उत्तर शहरातून, मोबाइलवरून येतं: ‘तू आहेसच, स्वतःशी प्रामाणिक हो, स्वीकार कर.’ कबड्डीच्या मुलाने पैसे भरून ऑनलाइन समुपदेशन घेतलं होतं, तिथे त्याला हे ऐकवलं गेलं. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. ज्याला खरोखर स्वतःला स्वीकारायचं आहे त्याच्यासाठी ते वाक्य औषध आहे. पण या मुलाला त्या रात्री झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो खरंच रेल्वे रुळाकडे चालत गेला होता. अमेरिकेतल्या २०१३ च्या एका अभ्यासात मानसशास्त्रज्ञांनाच वेगवेगळ्या रुग्णांची वर्णनं वाचायला देऊन निदान विचारलं होतं. समलैंगिकतेच्या शंकांनी पछाडलेल्या रुग्णाचं वर्णन ज्यांना मिळालं, त्यांच्यातल्या तीन चतुर्थांशांहून अधिकांना तो ओसीडी आहे हे ओळखता आलं नाही. शिकलेली, अनुभवी माणसंही मजकुरात अडकतात. प्रश्न लैंगिक आहे म्हटल्यावर उत्तरही लैंगिकच शोधलं जातं.

मला इथे र. धों. कर्वे आठवतात. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवलं. महाराष्ट्रभरातून वाचक त्यांना लैंगिक शंका लिहून पाठवत आणि ते सरळ भाषेत उत्तरं देत. हस्तमैथुनाविषयी, समलिंगी संबंधांविषयी आलेल्या अशाच प्रश्नांच्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. निकाल विरोधात गेला, कर्व्यांना दंड झाला. या दोघांनी ज्याच्यासाठी भांडण केलं तो माणसाचा विचारण्याचा आणि कळून घेण्याचा हक्क माझ्या रोजच्या कामाचा पाया आहे. स्वप्नदोषाने घाबरलेल्या मुलाला पाच मिनिटं नीट माहिती दिली की तो हसत बाहेर पडतो, पुन्हा येत नाही. ओसीडीचा मुलगाही हसत बाहेर पडतो, आणि दारातून परत फिरतो. ‘मॅडम, एक राहिलं.’ अज्ञान माहितीने जातं. त्याचं दुखणं माहिती नसण्याचं नाही. त्याला सगळं माहीत असतं, माझ्याहून जास्त लेख त्याने वाचलेले असतात. त्याला हवी असते शंभर टक्के खात्री, आणि ती कुणाकडेच नाही.

मी रुग्णांना गजकर्णाचं उदाहरण देते. पावसाळ्यात भातलावणीला चिखलात उभ्या राहणाऱ्या माणसांना ते वेगळं समजवावं लागत नाही. खाजवलं की त्या क्षणी बरं वाटतं, आणि तेवढ्यानेच ते पसरतं. ‘मी तसा नाही ना?’ असं विचारून ‘नाही’ ऐकणं म्हणजे खाजवणं. गूगल करणं, फोटो बघणं, अंग तपासणं, बायकोचं नाव जपणं, मनातल्या मनात जुन्या वर्गमैत्रिणी आठवून ‘ती मला आवडायची’ असं स्वतःला पटवणं, सगळं तेच. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली दोन रुग्णांवर वेगळा उपचार केला: ज्याची भीती वाटते त्याच्या समोर जायचं, आणि भीती घालवण्याची नेहमीची कृती मात्र करायची नाही. आजही ओसीडीवरच्या मानसोपचाराचा कणा हाच आहे.

तो कणा टोकावड्यात कसा उभा करायचा? आम्ही दोघांनी मिळून वहीत यादी केली, सगळ्यांत कमी भीतीपासून सगळ्यांत जास्त भीतीपर्यंत. मैदानाच्या कडेला बसून सराव बघणं. ज्या मित्राची मांडी धरली होती त्याच्या मोटरसायकलवर मागे बसणं. डोहात पोहायला जाणं. पुन्हा डाव्या कोपऱ्यावर उभं राहणं. आणि शेवटी एक वाक्य रोज स्वतःच्या हाताने लिहिणं: ‘मी समलिंगी असेनही, नसेनही. मला हे कधीच पक्कं कळणार नाही.’ हे करताना अंग तपासायचं नाही, फोन उघडायचा नाही, कुणाला विचारायचं नाही. भीती वाढू द्यायची आणि ती तिची ती उतरेपर्यंत थांबायचं. ते वाक्य त्याने पहिल्यांदा माझ्यासमोर लिहिलं तेव्हा पेन कागदातून आरपार गेलं होतं. आसनगावच्या माणसासाठी आम्ही लोकलच वापरली. आधी दुपारची रिकामी गाडी, मग संध्याकाळची, मग सकाळी सहानंतरची, जप न करता.

या कामात मला सगळ्यांत जड जातं ते गप्प राहणं. वीस-बावीस वर्षांचा मुलगा समोर रडतोय, हात जोडतोय, ‘मॅडम, एकदा खात्री करून द्या, परत नाही विचारणार,’ म्हणतोय. ‘नाही रे बाळा, तू तसा नाहीस,’ एवढं म्हटलं तर त्याचा चेहरा लगेच उजळेल हे मला दिसत असतं. मी ते म्हणत नाही. एक तर त्याने तो आणखी खोल अडकतो. आणि दुसरं म्हणजे त्या वाक्यात एक निवाडा लपलेला आहे: तसं असणं म्हणजे काहीतरी भयंकर, आणि तू त्यातून वाचलास. तो निवाडा मी कुणाच्याही बाजूने देणार नाही. समलिंगी असणं हा आजार नाही आणि कलंकही नाही, हे मी प्रत्येकाला सुरुवातीला एकदा सांगते. नंतर तोच प्रश्न आला की म्हणते, ‘याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय.’ घरच्यांनाही हेच शिकवावं लागतं. डोळखांबच्या त्या नवऱ्याला मी सांगितलं, ती उठवेल तेव्हा म्हणायचं, ‘हा प्रश्न तुझ्या आजाराचा आहे, मी त्याला उत्तर देत नाही, पण मी इथेच आहे.’ त्याला ते फार निर्दयी वाटलं. बायको रडतेय आणि आपण ‘चांगली आहेस’ एवढंही म्हणायचं नाही? पहिले दोन आठवडे त्याच्याने झालं नाही. मग झालं, आणि महिन्याभरात त्याला रात्रीची झोप मिळू लागली.

गोळ्यांबद्दल सांगायला हवं, कारण इथे एक खाचखळगा आहे. फ्लुओक्सेटिनसारखी औषधं ओसीडीवर चालतात. उदासीनतेला जिथे २० मिलिग्रॅम पुरतं तिथे ओसीडीला बऱ्याचदा ४० ते ६० लागतात, आणि परिणाम पुरता दिसायला दहा-बारा आठवडे थांबावं लागतं. पंधरा दिवसांत गुण आला नाही म्हणून अर्धी माणसं गोळी सोडतात, भातकापणीच्या दिवसांत तर आणखी जास्त. शिवाय या औषधांनी काहीजणांची कामेच्छा मंदावते. इतर रुग्णाला ती गैरसोय. या रुग्णाला तो पुरावा. ‘बघा, मुलीकडे बघून आता काहीच होत नाही, म्हणजे मी तोच.’ म्हणून गोळी लिहिली जातानाच आमचे डॉक्टर आणि मी दोघंही हे आधी सांगून ठेवतो. ज्यांना एसटी धरून ओपीडीला येणं जमत नाही त्यांना टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर देतो. ऑक्टोबर २०२२ पासून तो सुरू आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं.

कबड्डीचा मुलगा चार-पाच महिन्यांत बराच सावरला. त्याच्या वडिलांना मी आजार समजावून सांगत होते तेव्हा त्यांनी मध्येच विचारलं, ‘आजार आहे, म्हणजे पोरगं तसलं नाही. बरोबर?’ मी म्हटलं, ‘आजार संशयाचा आहे. मुलगा कसला आहे हे आपण कुणी ठरवायचं नाही.’ त्यांनी फक्त पहिलं वाक्य ऐकलं. बाहेर जाताना त्यांनी सिस्टरांच्या हातावर पेढे ठेवले.

आणि गोष्ट पसरली. काही महिन्यांनी शहापूरच्या बाजूचं एक कुटुंब आलं. वडील, मोठा भाऊ, मामा, आई, आणि मधोमध कॉलेजात शिकणारा मुलगा. मामा म्हणाले, ‘मुरबाडकडच्या पोराला झालं होतं तेच याला झालंय. गोळ्या चालू करा.’ सगळ्यांना बाहेर बसवून मी मुलाशी बोलले. याने मोबाइल पुढे केला नाही. नीट माझ्याकडे बघून म्हणाला, ‘मला काही शंका नाही मॅडम. शाळेत असल्यापासून मला माहीत आहे. एक मुलगा आहे, दोन वर्षं झाली. घरी चॅट सापडलं.’ त्याच्या मनात प्रश्नच नव्हता. खात्री बाहेर बाकावर बसलेल्या चौघांना हवी होती.

त्याला ओसीडी नव्हता. झोप मात्र गेली होती, मरण्याचे विचार येत होते, कारण फोन काढून घेतला होता, कॉलेज बंद केलं होतं आणि मामा रोज मारत होते. उपचार त्या उदासीनतेवर हवे होते, ते सुरू केले. वडिलांना मी आत बोलावलं आणि सांगितलं. अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांनी समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९७३ साली काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ बाबत निकाल दिला. दोन सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध गुन्हा नाहीत. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा म्हणतो की समाजाच्या नीतिकल्पनांशी कुणी जुळत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये सांगून टाकलं की कल बदलण्याचे उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे. म्हणजे तुम्ही मागताय ती गोळी मी देत नाही असं नाही, ती गोळीच नाही.

वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘मग त्या पोराला कशी दिली?’ रागावून नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून. त्यांच्या दृष्टीने दोन्ही मुलांची गोष्ट एकच होती आणि एकाला दवाखान्याने वाचवलं, दुसऱ्याला वाऱ्यावर सोडलं. मी पुन्हा समजावलं. त्या मुलाला आपण कोण आहोत याची भीती वाटत होती; तुमच्या मुलाला तुमची भीती वाटते. भाऊ उठून बाहेर गेला. आई तेवढी थांबली आणि तिने मारहाण थांबवण्याबद्दल, कॉलेज पुन्हा सुरू करण्याबद्दल एकेक गोष्ट विचारून घेतली. मुलाला मी १९९४ पासून मुंबईत समलिंगी माणसांसाठी काम करणाऱ्या हमसफर ट्रस्टचा पत्ता दिला. तो आता कल्याणला राहून शिकतो. आई औषधं न्यायच्या निमित्ताने स्वतःच ओपीडीला येते. तिला रक्तदाब आहे.

या दोघांना वेगळं ओळखायची एखादी रेघ आहे का, असं मला आशाताईंच्या प्रशिक्षणात विचारतात. ढोबळ खूण आहे. जिथे ओढ आहे, कुणीतरी आवडलेलं आहे, आठवणीत सुख आहे आणि भीती जगाची आहे, तिथे बहुधा कल आहे. जिथे सुख कुठेच नाही, कुणी आवडलेलं नाही, फक्त तपासणं आणि पुन्हा तपासणं आहे, तिथे बहुधा ओसीडी. पण ‘बहुधा’ मी जोर देऊन म्हणते. समलिंगी माणसालाही ओसीडी होतो, आणि मग ‘मी खरंच समलिंगी आहे का’ ही शंका त्याला पोखरते. स्वतःचा कल कळायला ज्याला वेळ लागतो त्याचा साधा संभ्रमही वेगळा असतो. त्याला घाई नसते, तो थांबू शकतो. उपचार दिले म्हणून कुणाचा कल बदलत नाही. बरा झालेला माणूस नंतर समलिंगी निघाला तरी उपचार फसले असं मी मानणार नाही. आशाताईंना मी एवढंच पक्कं करायला सांगते की अशा मुलाला ‘लग्न करून टाक’ हा सल्ला आपल्या तोंडून जाऊ नये.

कारण आमच्याकडे सगळ्यांत मोठं, सगळ्यांत खर्चिक तपासणं लग्न आहे. तुळशीचं लग्न लागलं की मुली बघणं सुरू होतं, आणि हळदीच्या रात्री डीजेसमोर अख्खं गाव नाचत असताना नवरदेव मनात मोजत असतो, आज रात्री झालं तर मी तसा नाही. असं लग्न करून आलेली माणसं मी बघितली आहेत. पहिल्या रात्रीचा हिशेब ते वर्षानुवर्षं करत राहतात, आणि ज्या मुलीला त्या खोलीत परीक्षेचा पेपर म्हणून नेलेलं असतं तिला कुणी काही सांगितलेलं नसतं.

कबड्डीच्या मुलासाठीही स्थळ आलं, सरळगावच्या बाजूचं. तो माझ्याकडे आला आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला, ‘खात्री करायला करतोय का, हे मी स्वतःला विचारलं. तसं वाटत नाही. पण पक्कं नाही सांगता येणार.’ शेवटचं वाक्य त्याने न अडखळता म्हटलं. साखरपुड्याआधी मुलीला सांगायचं हे त्यानेच ठरवलं. वडिलांचा विरोध होता. मोडलेलं लग्न गावभर होतं, असं त्यांचं म्हणणं. त्याने तिला एसटी स्टँडजवळच्या उपाहारगृहात बसून सगळं सांगितलं: कोणते विचार येतात, कोणती गोळी चालू आहे, अजूनही महिन्यातून एखादा दिवस वाईट जातो.

पुढच्या ओपीडीला ती त्याच्याबरोबर आली. बीकॉम झालेली, एका पतपेढीत काम करणारी मुलगी. तिने गोळीचं नाव विचारलं, किती दिवस घ्यायची ते विचारलं, मुलाबाळांवर परिणाम होतो का ते विचारलं. मग त्याच्यासमोरच मला म्हणाली, ‘यांना खात्री कधी होणार?’

‘होणार नाही,’ मी म्हटलं. ‘ती लागणार नाही अशी सवय होतेय.’

तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याने मान हलवली. ‘मला विचार करायला वेळ हवा,’ ती म्हणाली. ‘दिवाळीनंतर सांगते.’ त्याने केसपेपर घेतला आणि दोघं औषधाच्या खिडकीसमोर रांगेत जाऊन उभी राहिली.